हृदयांतील वीज आणि तिचा संयम

मनुष्याच्या देहांत हृदयाइतका मान दुसऱ्या कोणत्याहि अवयवास मिळालेला नाहीं. प्रेम, दया, धैर्य, शोक या सर्वांचें बिऱ्हाड आपण तेथेंच थाटून दिलें आहे. परंतु हें काव्य क्षणभर बाजूस ठेवून त्या मूठभर मांसाकडे शास्त्रज्ञाच्या दृष्टीनें पाहूं लागलें, तर जें दिसतें तें काव्याहून कमी अद्भुत नाहीं. हृदय मिनिटास सुमारें ७० वेळां, म्हणजे दिवसास एक लाख वेळां आकुंचन पावतें. आणि त्यांतील प्रत्येक ठोक्यापूर्वीं त्याच्या पेशीपेशींतून विजेची एक लाट जाते. आधीं वीज, मग ठोका, हा क्रम आमरण चुकत नाहीं.

ही वीज कोठून येते, किती वेळ टिकते आणि तिला आवरतें कोण, हे प्रश्न केवळ कुतूहलाचे नाहींत. ती आवरण्यास सेकंदाचा दहावा हिस्सा उशीर होऊं लागला, तर एखाद्या धडधाकट मुलाचाहि जीव धोक्यांत येतो. आणि असा उशीर कधीं आईबापांकडून वारशानें येतो, तर कधीं औषधाच्या गोळींतून. तेव्हां घरांत मुलें असणाऱ्या व औषधांचा डबा बाळगणाऱ्या प्रत्येक कुटुंबानें हा विषय थोडा तरी समजून घ्यावा, अशा हेतूनें आम्ही तो आज वाचकांपुढें मांडीत आहों.

बेडकाची तंगडी आणि जिमी कुत्रा

हृदयांत वीज उत्पन्न होते हें प्रथम सिद्ध झालें तें एका बेडकाच्या तंगडीनें. १८५६ सालीं जर्मनींतील वुर्झबुर्ग येथें कोलिकर व म्यूलर या दोघां शास्त्रज्ञांनीं एका बेडकाची तंगडी तिच्या मज्जातंतूसह वेगळी काढली व तो मज्जातंतु दुसऱ्या बेडकाच्या धडधडत्या हृदयावर ठेवला. हृदयाच्या प्रत्येक ठोक्याबरोबर ती तंगडी झटका देऊं लागली! तेथें ना तार होती, ना विजेची बॅटरी. हृदयांत उठणारी वीजच त्या तंगडीस चेतवीत होती.

पुढें १८८७ सालीं लंडनच्या सेंट मेरीज हॉस्पिटलांत ऑगस्टस वॉलर यांनीं छाती न उघडतां, केवळ शरीराच्या पृष्ठभागावरून मनुष्याच्या हृदयाची वीज टिपली. पाऱ्यानें भरलेली केसासारखी बारीक नळी हें त्यांचें यंत्र. विजेच्या फरकाबरोबर नळींतील पारा किंचित् हलत असे. वॉलर यांचा जिमी नांवाचा बुलडॉग या प्रयोगांमुळें बराच प्रसिद्धीस आला. मिठाच्या पाण्याच्या भांड्यांत पाय बुडवून तो शांतपणें उभा राही आणि त्याच्या हृदयाची वीज जमलेल्या मंडळींस दिसे. १९०९ सालीं रॉयल सोसायटींत हा देखावा झाल्यावर, कुत्र्याचा छळ झाला कीं काय असा प्रश्न थेट पार्लमेंटांत विचारला गेला. आणि कुत्रा नुसता किंचित् मीठ घातलेल्या पाण्यांत उभा होता, असा खुलासा सरकारास करावा लागला.

परंतु हें यंत्र मंद होतें. ती उणीव भरून काढली हॉलंडमधील लायडन येथील विलेम आइन्थोव्हेन यांनीं. त्यांचा जन्म १८६० सालीं जावा बेटांतील सेमारांग येथें झाला होता. चांदीचा मुलामा दिलेला स्फटिकाचा अतिसूक्ष्म धागा लोहचुंबकाच्या दोन टोकांमध्यें ताणून त्यांनीं असें यंत्र सिद्ध केलें, कीं हृदयाच्या विजेची चढउतार तंतोतंत उमटावी. त्या यंत्राचें वजन सुमारें २७० किलो होतें आणि तें चालविण्यास पांच माणसें लागत. आलेखांतील उंचवट्यांना त्यांनीं दिलेलीं पी, क्यू, आर, एस, टी हीं नांवें आजहि जगांतील प्रत्येक डॉक्टर वापरतो. १९२४ सालीं आइन्थोव्हेन यांस नोबेल पारितोषिक मिळालें. गांवोगांवच्या दवाखान्यांत आज छातीस चकत्या लावून जो 'कार्डिओग्राम' काढतात, तो या यंत्राचाच वंशज होय.

नळाच्या पाण्यानें सांगितलेली गोष्ट

तथापि कार्डिओग्राम म्हणजे बंद घराबाहेर उभें राहून ऐकलेला आंतील गलबला. आंत नेमकें काय चाललें आहे हें कळण्यास पेशींत शिरणें भाग होतें. हृदयाच्या स्नायूची एक पेशी लांबीला सुमारें एक दशांश मिलिमीटर असते. तिच्याभोंवतीं एक अत्यंत पातळ पापुद्रा असतो. पापुद्र्याबाहेरील द्रवांत सोडियम म्हणजे मिठांतील धातु विपुल, तर आंत पोटॅशियम विपुल. हे पदार्थ तेथें विद्युद्भारित कणांच्या रूपानें असतात, आणि पापुद्र्यांतील ठराविक दारांतूनच त्यांची ये-जा होते. हृदयांतील 'वीज' ती हीच. घरांतील दिव्याच्या तारेंतून वाहते तशी ती वाहत नाहीं. क्षारांच्या कणांनीं दारांतून आंतबाहेर करणें हाच तिचा प्रवाह.

या क्षारांत कॅल्शियमचें महत्त्व ध्यानांत आलें तें मोठ्या गंमतीनें. लंडनचे डॉक्टर सिडनी रिंगर हे १८८२ च्या सुमारास बेडकाचें हृदय मिठाच्या पाण्यांत ठेवून तें किती वेळ चालतें हें पाहत होते. तें बराच वेळ उत्तम चाले. पुढें त्यांच्या लक्षांत आलें, कीं तें पाणी ऊर्ध्वपातित नसून नळाचें होतें. शुद्ध ऊर्ध्वपातित पाण्याचें द्रावण करून पाहतां हृदयाचें आकुंचन मंदावून लवकरच थांबलें! लंडनच्या नळाच्या पाण्यांत चुन्याचा अंश होता, आणि त्या चुन्यांतील कॅल्शियमवांचून हृदयास आकुंचन पावतां येत नव्हतें. १८८३ सालीं त्यांनीं हें प्रसिद्ध केलें. आज शस्त्रक्रियेच्या वेळीं शिरेंतून 'रिंगर लॅक्टेट' चढवितात, त्या नांवांतील रिंगर ते हेच.

दोनतीन दशांश सेकंदांचा मुक्काम

१९४९ सालीं कोराबफ व वाइडमान या दोन शास्त्रज्ञांनीं केसाहून कितीतरी पट बारीक टोंकाची कांचेची नळी कुत्र्याच्या हृदयांतील तंतूच्या पेशींत शिरवून आंतील विद्युद्दाब प्रत्यक्ष मोजला. सस्तन प्राण्याच्या हृदयपेशीचें अंतरंग तेव्हां प्रथम उघड झालें. विश्रांतीच्या वेळीं पेशीचा आंतला भाग बाहेरच्यापेक्षां सुमारें ९० सहस्रांश व्होल्टांनीं ऋण असतो. साध्या बॅटरीच्या शक्तीचा हा सोळावा-सतरावा हिस्सा. परंतु पेशीच्या मानानें तें भांडवल मोठें आहे.

शेजारच्या पेशीकडून चेतना आली, कीं प्रथम सोडियमचीं दारें धाडकन उघडतात. सोडियम आंत लोटतें आणि सेकंदाच्या हजाराव्या भागाच्या आसपास पेशीचा आंतला भाग ऋणाचा धन होतो. येथवर मज्जातंतु आणि हृदय यांचा मार्ग एकच. मज्जातंतूंत लागलीच पोटॅशियम बाहेर पडतें आणि एकदोन सहस्रांश सेकंदांत सारा कारभार आटोपतो. हृदयाची पेशी मात्र तसें करीत नाहीं. वर चढलेला दाब ती दोनशें-तीनशें सहस्रांश सेकंद, म्हणजे मज्जातंतूच्या शंभराहून अधिक पट वेळ, तसाच धरून ठेवते. आलेखावर पाहिलें तर मज्जातंतूची वीज सुईच्या टोंकासारखी दिसते; हृदयाची वीज डोंगर चढून पठारावर रेंगाळते आणि मग सावकाश उतरते. सह्याद्रीचीं पठारें पाहिलेल्या वाचकांस ही आकृति सहज डोळ्यांपुढें आणतां येईल.

हें रेंगाळणें म्हणजे आळस नव्हे. त्याचे दोन उपयोग आहेत आणि दोन्हीवर आपलें जीवित अवलंबून आहे. पठाराच्या काळांत कॅल्शियम आंत येतें. तें पेशींत सांठविलेलें आणखी कॅल्शियम मोकळें करतें व त्यायोगें स्नायु आवळतो. हा पहिला उपयोग. दुसरा असा, कीं पठार संपेपर्यंत पेशी नवी चेतना स्वीकारीत नाहीं. पोटरीच्या स्नायूस चेतनांवर चेतना मिळाल्या तर तो आवळलेलाच राहतो, त्यासच आपण पेटका म्हणतों. तो दुखतो खरा, पण चोळल्यानें जातो. हृदयास असा पेटका कांहीं मिनिटें आला, तर चोळावयास अवकाश तरी कोठला? प्रत्येक ठोक्यानंतर सैल पडून रक्त भरून घेणें हें हृदयास आवळण्याइतकेंच आवश्यक आहे, आणि ती सक्तीची विश्रांति हें पठार त्यास मिळवून देतें.

हें पठार टिकतें कसें? पोटॅशियमचीं दारें त्या वेळीं उघडीं असतीं तर सारें भांडवल क्षणांत बाहेर गेलें असतें. लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजांतील डेनिस नोबल या तरुण संशोधकास व त्याचे गुरु ऑटो हटर यांस १९६० सालीं असें दिसलें, कीं आंतील दाब वाढतांच पोटॅशियमचीं कांहीं दारें उलट बंद होतात. काटकसरी गृहिणीनें पाहुण्यांच्या गर्दींत कोठीचें दार लावून घ्यावें तसाच हा प्रकार! नोबल यांनीं ही सारी देवघेव समीकरणांत बसविली आणि त्या काळच्या खोलीएवढ्या गणकयंत्रावर हृदयाचा ठोका आंकड्यांतून उठवून दाखविला. पुढें १९६७ सालीं हाराल्ड रॉयटर यांनीं पठाराच्या काळांतला कॅल्शियमचा प्रवाह वेगळा ओळखला. १९७६ सालीं तर जर्मनींतील गटिंगेन येथें एर्विन नेहर व बर्ट साकमान यांनीं बेडकाच्या स्नायूवर कांचेची नळी टेंकवून एकाच दाराचें उघडणें-मिटणें टिपलें. तो प्रवाह इतका क्षीण, कीं अँपियरच्या दशलक्षांशाचाहि दशलक्षांश घेऊन तो कांहीं एककांत मोजावा लागतो. त्यांस १९९१ सालीं नोबेल पारितोषिक मिळालें.

पठाराचा शेवट करतात तीं पोटॅशियमचीं निराळीं, सावकाश उघडणारीं दारें. तीं उघडलीं, कीं पोटॅशियम बाहेर पडून पेशी पूर्वस्थितीस येते आणि पुढच्या ठोक्यास सिद्ध होते. याच दारांपाशीं आमच्या विषयाचा गंभीर भाग सुरू होतो.

दार उशिरां उघडलें तर

१८५६ सालीं, म्हणजे बेडकाच्या तंगडीचा प्रयोग झाला त्याच वर्षीं, लाइपझिगच्या माइस्नर नांवाच्या डॉक्टराचें मूकबधिरांविषयींचें एक पुस्तक प्रसिद्ध झालें. त्यांत एका बहिऱ्या मुलीची हकीकत आहे. कोणा सोबतिणीची एक क्षुल्लक वस्तु घेतली म्हणून तिला संस्थेच्या प्रमुखापुढें उभें करण्यांत आलें. ती तेथेंच कोसळली आणि गतप्राण झाली. ही वार्ता आईबापांस कळविली तेव्हां त्यांस आश्चर्य वाटलें नाहीं. त्यांचीं आणखी दोन मुलें अशींच गेलीं होतीं. एक मोठ्या भीतीनंतर, दुसरें संतापाच्या भरांत.

त्या काळीं याचा उलगडा कोणास होणार? शंभर वर्षांनीं, १९५७ सालीं, नॉर्वेंतील येरवेल व लांगे-नील्सेन या डॉक्टरांनीं एका कुटुंबाचें वर्णन प्रसिद्ध केलें. सहा मुलांपैकीं चार जन्मतः बहिरीं. तीं खेळतांना किंवा घाबरलीं असतां मूर्च्छित पडत. त्यांतील तीन ४, ५ व ९ वर्षांचीं असतां अकस्मात् गेलीं. त्यांच्या कार्डिओग्रामांत क्यू पासून टी च्या शेवटापर्यंतचें अंतर भलतेंच लांबलेलें आढळलें. तें अंतर म्हणजेच बाहेरून मोजलेली पठाराची लांबी. माइस्नरची ती दुर्दैवी मुलगी याच व्याधीची बळी असावी, असें आज तज्ज्ञ मानतात.

पठार लांबलें म्हणजे काय होतें? दाराशीं रेंगाळलेलें कॅल्शियम दुसऱ्यांदां आंत शिरूं लागतें आणि पहिला ठोका पुरता संपण्यापूर्वींच अवेळीं नवी उसळी उठते. कांहीं पेशी तयार, कांहीं बेसावध, अशा स्थितींत ती लाट सरळ न जातां घोटाळत फिरूं लागते आणि हृदय ठोका देण्याऐवजीं नुसतें थरथरतें. मेंदूकडे रक्त जात नाहीं व मनुष्य कोसळतो. थरथर आपोआप थांबली तर तो शुद्धीवर येतो, आणि 'चक्कर आली होती' म्हणून घरचे ती गोष्ट विसरून जातात. ती न थांबली तर तो परत उठत नाहीं.

या दोषाचें मूळ १९९५ पासून एकेक करून उजेडांत आलें. त्याची कथाहि मौजेची आहे. ईथरची भूल दिली असतां पाय नाचविणाऱ्या कांहीं फळमाशा शास्त्रज्ञांस पूर्वींच आढळल्या होत्या, आणि त्या दोषास त्यांनीं विनोदानें एका विलायती नाचाचें नांव दिलें होतें. त्याच जातीचा गुणांश मनुष्यांतहि सांपडला. आणि १९९५ सालीं अमेरिकेंतील यूटा येथील मार्क कीटिंग यांच्या सहकाऱ्यांनीं दाखविलें, कीं तोच आपल्या हृदयांतील पोटॅशियमच्या एका दाराचा आराखडा असून तो बिघडला म्हणजे पठार लांबतें. दुसऱ्या एका दाराचा दोष पुढल्या वर्षीं सांपडला. तें दार कानाच्या आंतल्या भागांतहि पोटॅशियम पुरविण्याचें काम करतें. म्हणून ज्या मुलास तो दोष आई व बाप या दोघांकडूनहि येतो, तें बहिरेंहि असतें आणि त्याचें हृदयहि धोक्यांत असतें. नात्यांत लग्नें होतात तेथें दोहोंकडून एकच दोष येण्याचा संभव वाढतो. मामाच्या मुलीशीं लग्न करण्याची चाल महाराष्ट्रांत कित्येक घराण्यांत आहे. त्यांनीं ही गोष्ट अवश्य ध्यानांत ठेवावी.

औषधाची गोळी आणि तेंच दार

वारशानें येणारा हा दोष सुमारें २,००० माणसांत एकास असतो. परंतु तें पहिलें दार फार भोळें आहे. निरनिराळ्या जातींचीं औषधें त्यांत अडकून तें बंद पाडतात. टर्फेनाडीन नांवाचें सर्दीशिंकांवरील औषध एके काळीं लोकप्रिय होतें, कारण त्यानें झोंप येत नसे. एरिथ्रोमायसिनसारखें दुसरें औषध त्याच वेळीं घेतलें, किंवा पपनसाच्या जातीच्या ग्रेपफ्रूटचा रस प्याला, तर यकृतांत त्याचा निचरा होत नसे. मग तें रक्तांत सांठून हृदयाचें हें दार अडवी, आणि शिंका थांबविण्यास घेतलेली गोळी प्राणावर बेते. अमेरिकेंत १९९८ सालीं तें बाजारांतून गेलें. जळजळीवरील सिसाप्राइड हें औषधहि याच कारणास्तव तेथें २००० सालीं बंद झालें. भारत सरकारनें त्यावर २०११ सालीं बंदी घातली.

अशीं औषधें बाजारांत आलींच कशीं, असें कोणी विचारील. त्याचें एक उत्तर सस्तन प्राण्यांच्या हृदयांतील फरकांत आहे. उंदराचें हृदय मिनिटास पांचशेंहून अधिक ठोके देतें. त्यास लांब पठार परवडत नाहीं, आणि आपण ज्या दारावर अवलंबून आहों त्याच्यावर त्याची फारशी भिस्त नसते. तेव्हां उंदरास न बाधणारें औषध माणसास बाधूं शकतें. म्हणून हल्लीं गिनीपिग, ससा, कुत्रा यांच्या पेशी आणि मानवी दारें बसविलेल्या पेशी यांवर परीक्षा करतात. आणि नवीं औषधें पठार लांबवितात कीं काय हें माणसांच्या कार्डिओग्रामवरहि पाहावें, असा आंतरराष्ट्रीय दंडक २००५ पासून आहे.

घरच्यांनीं काय करावें

हें वाचून प्रत्येक चक्करीची धास्ती घेण्याचें कारण नाहीं. उपासानें, उन्हानें, फार वेळ उभें राहिल्यानें येणारी घेरी बहुधा निरुपद्रवी असते. परंतु धांवतांना, पोहतांना, एकाएकीं दचकल्यानें किंवा घड्याळाचा गजर कानीं पडतांच कोणी पूर्वसूचनेवांचून कोसळलें. जन्मतः बहिऱ्या मुलास मूर्च्छा येऊं लागल्या. किंवा घराण्यांत कोणी तरुणपणीं कारण न कळतां गेलें असेल, तर कार्डिओग्राम काढून तें अंतर डॉक्टरांकडून अवश्य मोजून घ्यावें. तें अर्ध्या सेकंदापुढें गेलें असेल तर धोका मोठा समजतात. अशा मुलांस पुष्कळदां फेफरें आहे असें समजून वर्षानुवर्षें भलतींच औषधें दिलीं जातात. कोठें बाहेरची बाधा म्हणून अंगारेधुपारे चालतात. वास्तविक प्रोप्रॅनोलॉलसारख्या जुन्या व स्वस्त औषधानें यांतील पुष्कळांचें रक्षण होतें; कांहींच्या छातींत थरथर मोडणारें छोटें यंत्र बसवितात. एका मुलांत दोष सांपडला, कीं त्याच्या भावंडांची व आईबापांचीहि तपासणी करावी. न सांपडलेलें भावंड हेंच खरें जोखमीचें असतें.

औषधांच्या बाबतींत नियम सोपा आहे. नवीन औषध घेतांना चालू असलेलीं सारीं औषधें डॉक्टरांस सांगावीं, आणि शेजाऱ्यानें सुचविलेली गोळी त्यांत आपल्या मनानें मिसळूं नये. कांहीं प्रतिजैविकें, मनोविकारांवरील कांहीं औषधें व मलेरियावरील क्लोरोक्विन हीं पठार थोडें लांबवितात. बहुतेकांस त्यापासून अपाय होत नाहीं, म्हणून डॉक्टरांनीं दिलेलें औषध भीतीनें सोडूंहि नये. पण जुलाब-वांत्यांनीं शरीरांतील पोटॅशियम घटलें असतां विशेष जपावें. आणि कोणी डोळ्यांदेखत कोसळून श्वास घेत नसेल, तर कांदा हुंगविण्यांत वेळ न दवडतां १०८ क्रमांकास हांक द्यावी आणि छातीच्या मध्यभागीं दोन्ही हातांनीं मिनिटास १०० ते १२० वेळां, पांच-सहा सेंटिमीटर खोल दाब देत राहावें. हें शिकण्यास एक दुपार पुरते.

वाचकांपैकीं ज्यांच्या नात्यांत असा एखादा न उलगडलेला मृत्यु घडला असेल, त्यांनीं 'त्याचें आयुष्य तेवढेंच होतें' असें म्हणून तो विषय मिटवूं नये. गेलेलें माणूस परत येत नाहीं; पण मागें राहिलेल्या मुलांचा कार्डिओग्राम पांच मिनिटांत निघतो.